धरणावरचं बोटिंग आणि दवाखान्यापर्यंत पोचणाऱ्या दुखापती

गोदातीर

पाऊस उघडला, धरणं भरली की आपल्याकडे पाण्यावर गर्दी सुरू होते. पैठणचा नाथसागर, नांदेडचं विष्णुपुरी, येलदरी, माजलगाव, नळदुर्गच्या किल्ल्यातलं बोरी नदीचं पाणी. शाळांच्या सहलीही निघतात. बोटीतला अपघात म्हटलं की सगळ्यांना फक्त बुडणं आठवतं आणि लाइफ जॅकेट अंगावर चढवलं की काळजी मिटली असं वाटतं. पण बोटीच्या पंख्याने पाय फाटला, आपटून मणका दबला, दोरीत हाताचं बोट तुटलं, तर तिथे जॅकेटचा उपयोग नाही. अशा दुखापतींबद्दल मराठीत नीट लिहिलेलं फार थोडं सापडतं.

इथे अस्थिरोगवाले आहेत, इंजिनाचं काम करणारे आहेत, जीवरक्षक प्रशिक्षण देणारे आहेत. सहलीच्या शिक्षकांना आणि बोटचालकांना हातात देता येईल असं काहीतरी जमवू या. मला तीन गोष्टी हव्यात. काय काय होऊ शकतं आणि का होतं. काठावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं आणि काय करायचं नाही. आणि दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं. तिसऱ्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून ती मुद्दाम विचारतोय.

अस्थिरोग_परभणी

चांगला धागा. सुरुवात सगळ्यात साध्या जागेपासून करतो, कारण पुष्कळ हाडं बोट सुटायच्या आधी किंवा परतल्यावर मोडतात. चढताना आणि उतरताना.

आपल्या धरणांची एक अडचण समुद्रकिनाऱ्यावर नसते. ऑक्टोबरात पाणी धक्क्याला टेकलेलं असतं आणि एप्रिलपर्यंत ते कित्येक फूट खाली, काठापासून दूर गेलेलं असतं. मग चिखलावर फळी टाकून किंवा दगडांवरून लोकांना बोटीत चढवतात. फळी ओली, दगडावर शेवाळ, एक पाय बोटीत आणि एक बाहेर. तेवढ्यात बोट सरकते, पाय फाकतात, माणूस मधल्या फटीत जातो. घोट्याचं हाड मोडणं, हात टेकल्यामुळे मनगट मोडणं आणि साठीच्या पुढच्या माणसांत खुब्याचं हाड मोडणं, या तिन्ही दुखापती इथेच होतात. खुबा मोडला की तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. अशा माणसाला उभं करून बघू नका.

चढताना बोट पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे बांधलेली हवी. पाय बोटीच्या कडेवर न ठेवता मधोमध ठेवायचा, कंबरेत वाकून लगेच बसायचं. हातात पिशवी, मोबाईल, लेकरू काहीच नको. लेकरू आधी आत बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचं.

आता मणका. वेगाने चाललेली बोट लाटेवरून उडते तेव्हा पुढचं टोक खाली पडतं आणि पुढे बसलेला माणूस क्षणभर हवेत राहतो. तो खाली येत असतो तेव्हाच पुढची लाट बोटीला वर ढकलते. सगळा मार बैठकीतून सरळ कण्यात जातो. छातीचा कणा संपून कंबर सुरू होते तिथला मणका, म्हणजे छातीचा बारावा आणि कंबरेचा पहिला, त्याने चेपतो किंवा फुटतो. फुटलेल्या मणक्याचा तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडू शकतात. पुढची जागा मजेची म्हणून तरुण पोरं तिथेच बसतात, आणि फोटो चांगला येतो म्हणून आजीलाही तिथेच बसवतात. आजीची हाडं आधीच विरळ झालेली असतात, तिचा मणका बारक्या आपटण्यानेही चेपतो. वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि पाठीचं जुनं दुखणं असलेले यांना नेहमी मागच्या बाकावर बसवा. पुढे बसलंच तर पाय लांब सोडायचे नाहीत. गुडघे वाकवून तळवे टेकवायचे, हाताने कडा धरायची. चालकाने दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली की वेग उतरवावा आणि ती तिरकी कापावी.

आपटल्यावर कण्याच्या मधोमध दुखत असेल, पायात मुंग्या येत असतील, पाय जड वाटत असतील किंवा लघवी होत नसेल, तर त्या माणसाला बसवायचं नाही. हातापायांना धरून उचललं तर कणा मधे वाकतो, तेच टाळायचं असतं. चार माणसं लागतात. एक फक्त डोकं आणि मान धरेल आणि हुकूम तोच देईल. तिघं खांदा, कंबर आणि पाय धरून एका दमात कुशीवर वळवतील, पाठीमागून फळी सरकवायची आणि पुन्हा एका दमात उताणं करायचं. दवाखान्यात ‘कंबर दुखतेय’ एवढंच सांगितलं तर गोळी देऊन घरी पाठवतील. ‘वेगातली बोट उडून आपटली, माणूस पुढे बसला होता’ असं सांगा. म्हणजे एक्स-रे आणि गरज पडली तर सीटी स्कॅन होतो.

इंजिनवाला_पैठण

डॉक्टरसाहेबांनी मणक्याचं चांगलं सांगितलं. मी पंख्याचं लिहितो. लई जण विचारायलेत की पंखा पाण्यात असतो, माणूस बोटीत असतो, मग लागतो कसा.

आधी हिशेब बगा. आऊटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं, मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर चालू आहे आणि गिअरचं प्रमाण २ ला १ धरलं, तर पंखा मिनिटाला २,५०० फिरतो. सेकंदाला ४१ फेऱ्या झाल्या. पाती तीन. म्हणजे एका सेकंदात सव्वाशेच्या आसपास वार. पाय काढून घ्यायला माणसाला सेकंद लागतो, तोवर सगळं संपलेलं असतं.

लागायच्या वेळा ठरलेल्या आहेत. पहिली, पोहणाऱ्याला किंवा पडलेल्याला वर घ्यायला बोट मागे घेताना. रिव्हर्समध्ये पंखाच आधी माणसापाशी जातो. दुसरी, चालकाने न्यूट्रल टाकलं आणि समजला की पंखा थांबला. न्यूट्रलमध्येही काही इंजिनांचा पंखा हळू फिरत राहतो, आणि कोणाचा धक्का लागला की गिअर पडतो. म्हणून माणूस पाण्यात आहे तोवर न्यूट्रल चालत नाही, चावी बंदच पाहिजे. तिसरी, फुगवट्यात मासेमारीची जाळी लावलेली असतात. जाळं पंख्यात गुंतलं की चालक वाकून हात घालतो, आणि मागून कोणीतरी इंजिन सुरू करतं. हात घालायच्या आधी चावी काढून खिशात घालायची आणि इंजिन वर उचलून लॉक करायचं. मग कापायचं.

चौथी वेळ सगळ्यात वाईट. चालक एकटाच उडून पाण्यात पडतो आणि बोट चालूच राहते. हँडल सोडलं की पंख्याच्या फिरण्याच्या ओढीने इंजिन एका अंगाला वळतं आणि बोट गोल गोल फिरायला लागते. पडलेला माणूस त्या गोलातच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या चकरेला ती त्याच्या अंगावर येते.

यालाच किल कॉर्ड असते, लाल गुंडाळी दोरी. एक टोक इंजिनच्या बटणाला, दुसरं चालकाच्या मांडीला नाहीतर जॅकेटच्या पट्ट्याला. चालक जागचा उडाला की क्लिप निघते, इंजिन बंद. इथे बऱ्याच बोटींवर ती दोरी बटणाला लावून हँडललाच गुंडाळलेली दिसते, किंवा तिच्या जागी तारेचा आकडा अडकवलेला असतो. तो आकडा म्हणजे दोरी नसल्यातच जमा. बोटीत बसायच्या आधी ती दोरी कुठे बांधलेली आहे ते बघून घ्या. रोज सकाळी ओढून बघायची, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. दोरीतला स्प्रिंग उन्हाने कडक होतो, चिरतो. तसा झाला की बदलायची.

रानवारा

दादा, पंख्याभोवती जाळीची टोपली बसवली तर? पॅडलबोटवाल्यांकडे नाही, पण छोट्या मोटारबोटींना बसवता येईल ना?

इंजिनवाला_पैठण

येते की. हळू चालणाऱ्या बोटीला गोल कडं किंवा जाळीची टोपली चांगली. पोहणाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या बचावबोटीला तर पाहिजेच. पण वेगाच्या बोटीवर टोपली असली तरी तिचंच लोखंड माणसावर आदळतं, हाड मोडतं, फक्त कापलं जात नाही. शिवाय टोपलीत शेवाळ, जलपर्णी अडकते, इंजिन तापतं. टोपली बसवली म्हणून माणसापाशी इंजिन चालू ठेवायचं, असं करायचं नाही.

शल्यकक्ष

पंख्याची जखम बघून ओळखू येते. समांतर, ठरावीक अंतरावरचे खोल वार, मांडी, पोटरी, नितंब किंवा पाठीवर. वरून एका वाराचं तोंड चार बोटांएवढं दिसतं, आत मात्र स्नायू, शिरा आणि हाडापर्यंत कापलेलं असतं.

काठावर फक्त रक्त थांबवायचं. स्वच्छ कापड जखमेत कोंबून दोन्ही हातांनी जोर लावून दाबा आणि दहा मिनिटं हात काढू नका. मधे उचलून बघितलं की गुठळी निघते. हातापायातून रक्त फवाऱ्यासारखं उडत असेल किंवा दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटरवर पट्टा बांधा, सांध्यावर नाही. पट्टा किमान दोन बोटं रुंद असावा. सुतळी किंवा तार बांधली तर कातडी आणि नसा कापल्या जातात आणि रक्तही धड थांबत नाही. उपरणं किंवा ओढणी घडी करून बांधायची, गाठीत लाकडी दांडा घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचं, दांडा बांधून टाकायचा. बांधल्याची वेळ पेनाने कपाळावर किंवा हातावर लिहा. दोन तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचायचं. वाटेत पट्टा सैल करून बघायचा नाही.

तुटलेलं बोट किंवा हात मिळाला तर फेकू नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट अवयवाला लागू देऊ नका, तो गोठतो आणि मग जोडता येत नाही. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे ते थंड ठेवलं तर साधारण २४ तासांपर्यंत जोडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. हात किंवा पाय स्नायूंसकट तुटला असेल तर न थंडवता सहा तासांपलीकडे वेळ उरत नाही. म्हणून तुटक्या अवयवाचा रुग्ण सरळ प्लास्टिक सर्जरी विभाग असलेल्या रुग्णालयात. आधी फोन करून तिथे सोय आहे का ते विचारा, तीन दवाखाने फिरण्यात तास जातात.

बोटं दोरीनेही जातात. बांधायचा दोर हाताला गुंडाळून धरला आणि बोट ओढली गेली, की अंगठा किंवा बोटं दोरात आवळली जातात. अंगठी घातली असेल तर ती अडकते आणि बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. दोर हाताळणाऱ्याने अंगठी काढून ठेवायची. दोर मुठीत धरायचा, हाताभोवती फेरा घ्यायचा नाही.

माऊली_सेलू

पंख्याची जखम असेल आणि मोठा दवाखाना लांब असेल तर जवळच्या डॉक्टरांकडून टाके घालून घेतले तर काय बिघडतं? रक्त तर थांबेल.

शल्यकक्ष

ताई, हाच प्रश्न महत्त्वाचा. रक्त दाबपट्टीनेही थांबतं. ही जखम साध्या विळ्याच्या जखमेसारखी नसते. धरणाचं पाणी, तळाचा गाळ, शेवाळ, कपड्यांचे धागे, कधी रंगाचे पोपडे आत गेलेले असतात. ती तशीच शिवून टाकली तर जंतू आत कोंडले जातात. भूल देऊन भरपूर पाण्याने धुणं, मेलेला स्नायू कापून काढणं, जखम उघडी ठेवणं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा आत बघून मगच बंद करणं, ही पद्धत.

गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जिवाणू असतो. तो फार वेगाने पसरतो. जखमेनंतर एक-दोन दिवसांत लाली, सूज, असह्य दुखणं, काळपट फोड, ताप ही त्याची लक्षणं. नेहमीच्या अमॉक्सिसिलिनला तो सहसा दाद देत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘बोटीत लागलं’ एवढं सांगून थांबू नका. ‘धरणाच्या गोड्या पाण्यात, चिखलासकट जखम’ असं सांगा. त्यावरून औषध ठरतं. सोबत धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं तेही सांगा. कधीच झालं नसेल किंवा आठवत नसेल तर लसीबरोबर वेगळं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं.

आणि जखम बरी झाली तरी पुढचे तीन-चार आठवडे अचानक थंडी-ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, लघवी पिवळी-गडद असं झालं तर लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करून घ्या. उंदीर आणि गुरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो चिरलेल्या कातडीवाटे शिरतो. लक्षणं बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांत दिसतात. ‘पाण्यात होतो’ हे त्या वेळी डॉक्टरांना पुन्हा सांगावं लागतं, कारण तोवर सगळे बोट विसरलेले असतात.

गोदातीर

शल्यकक्ष, हे फार कामाचं. बोटीच्या इंजिनात ओढणी, पदर अडकतो त्याबद्दलही लिहा कोणी. काही बोटींवर शेतातलं डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा फिरता दांडा, उघडा असतो.

शल्यकक्ष

हो, ते राहिलं होतं. उघडा फिरणारा शाफ्ट केस ओढून घेतो आणि डोक्याची कातडी भुवयांपासून मानेपर्यंत एका झटक्यात निघते. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीवरच्या लहान बोटींत बायका-मुलींना हे इतकं व्हायचं की तिथे २००९ मध्ये शाफ्टवर झाकण सक्तीचं करणारा कायदा करावा लागला. ओढणी किंवा पदर अडकला तर गळा आवळला जातो.

उपाय सोपा आहे. शाफ्ट आणि पुलीवर पत्र्याचं किंवा लाकडाचं बंद झाकण, केस बांधून टोपीत, पदर खोचलेला, ओढणी काढून पिशवीत. झाकण नसलेल्या बोटीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कातडी निघालीच तर डोक्यावर घट्ट दाबपट्टी आणि निघालेली कातडी वर सांगितलं तशीच जपून न्यायची. ती परत जोडता येऊ शकते.

जलरक्षक_लातूर

बुडण्याचं इथे सगळ्यांना माहीत आहे असं म्हणतात, पण प्रत्यक्षात काठावर जे चालतं ते बघता लिहायलाच हवं.

बुडालेल्याचं शरीर ऑक्सिजनअभावी थांबतं. हृदय सहसा नंतर थांबतं. म्हणून आधी श्वास हवा. हाक मारा, हलवा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक इतकाच की छाती वर आलेली दिसेल. काही अभ्यासक्रमांत पाचऐवजी दोन शिकवतात. शिकलेलं जे असेल ते करा, पण श्वास गाळू नका. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, आणि दोन श्वास. हेच चक्र मदत येईपर्यंत. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्या माणसाचे दाब उथळ होतात.

तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसू नका, फेसातूनच श्वास द्या.

रानवारा

आमच्याकडे आधी पोट दाबून पाणी काढतात, किंवा खांद्यावर उलटं टाकून पळतात. ते चूकच का?

जलरक्षक_लातूर

चूक, आणि घातक. पोटातलं पाणी म्हणजे गिळलेलं पाणी. ते तसंच राहिलं तरी तेवढ्याने जीव जात नाही. पोट दाबलं की ते अन्नासकट वर येतं आणि फुप्फुसात जातं. फुप्फुसात शिरलेलं पाणी थोडंच असतं आणि ते उलटं धरून निघत नाही. उलटं धरण्यात जी दोन-तीन मिनिटं जातात तेवढ्यात मेंदू जातो. आपोआप उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करायचं आणि पुन्हा सुरू.

मानेचंही एक. प्रत्येक बुडालेल्या माणसाची मान मोडलेली नसते, म्हणून मानेच्या नादात श्वास द्यायला उशीर करू नका. पण उथळ पाण्यात सूर मारला असेल, वेगातल्या बोटीतून फेकला गेला असेल किंवा डोक्याला जखम असेल, तर मान हलू द्यायची नाही. पाण्यातच त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ करून कानांजवळ दाबून धरा, त्याने डोकं हातांच्या मधे स्थिर राहतं. तसंच उताणं तरंगवत काठाशी आणा आणि खाली फळी सरकवून उचला. आपल्या धरणांत सूर मारणं फार धोक्याचं. बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं पाण्याखाली आहेत, आणि पाणी उतरलं की परवा जिथे दहा फूट होतं तिथे आज तीन फूट असतं.

अतिदक्षता_नांदेड

जलरक्षकांनी सांगितलं त्यापुढचं. माणूस शुद्धीवर आला, बोलला, चहा मागितला, म्हणून घरी नेऊ नका. खोकला, धाप, छातीत जड, गुंगी, फेस यातलं काहीही झालेलं असेल तर रुग्णालयात दाखल करायचंच. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा थर पाण्याने धुऊन जातो आणि सूज हळूहळू वाढते. सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो. म्हणून चार ते आठ तास निरीक्षण, दर तासाला श्वासाची गती आणि ऑक्सिजनचं मोजमाप. त्या वेळात सगळं ठीक राहिलं तरच सुट्टी. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘कोरडं बुडणं’ हा शब्द वैद्यकीय नाही, त्याने घाबरू नका. ज्याला काहीच लक्षणं नाहीत तो दोन दिवसांनी अचानक जात नाही.

दवाखान्यात सांगायच्या गोष्टी: पाण्याखाली अंदाजे किती मिनिटं, बाहेर काढला तेव्हा श्वास होता का, काठावर किती वेळ दाब दिले, दारू किंवा फिट्सचा आजार आहे का. फिटचा रुग्ण शांत पाण्यातही बुडतो, ते कारण कळलं नाही तर उपचार अर्धे होतात.

आणखी एक, बंद बोटींचं. पावसात चारही बाजूंनी ताडपत्री सोडली किंवा आत जनरेटर चालवला की इंजिनाचा धूर मागच्या हवेच्या पोकळीतून आत खेचला जातो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी एकदम अनेकांना सुरू झाली तर बोट लागली असं समजू नका. हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि इंजिन बंद करा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात ९८-९९ दाखवतं आणि फसवतं. डॉक्टरांना ‘धुरात होते’ असं सांगितलं तरच रक्ताची वेगळी तपासणी होते. उपचार म्हणजे मास्कने पूर्ण ऑक्सिजन.

वीजतंत्री

काठावरच्या मोटारींचं कोणी लिहिलं नाही. फुगवट्यात शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. केबल पाण्यातून जातात आणि टेप लावलेले सांधे पाण्यात बुडलेले असतात. बोट काठाला लावताना कोणी पाण्यात उतरलं आणि पायाला मुंग्या आल्या, तर तिथून आल्या वाटेनेच मागे फिरायचं. गोडं पाणी वीज कमी वाहतं आणि माणसाचं शरीर जास्त, म्हणून प्रवाह शरीरातूनच जातो. स्नायू आखडतात आणि पोहता येणारा माणूस बुडतो. कोणी असा बुडताना दिसला तर उडी मारू नका. आधी स्टार्टर बंद, मग लांब कोरडा बांबू किंवा दोर. बेशुद्ध पडला असेल तर शुद्धीवर आल्यावरही ईसीजी काढून घ्या, हृदयाची लय बिघडलेली असू शकते.

वळवाच्या दिवसांत वीज. आकाशात गडगडाट ऐकू आला की बोट काठाला. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यावर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप चालकाच्या मोबाईलवर असू द्या. वीज पडून अनेक जण पडले असतील तर जो निपचित आहे, श्वास नाही, त्याच्याकडे आधी जा. जो ओरडतोय तो जिवंत आहे. विजेने थांबलेलं हृदय लगेच दाब दिले तर सुरू होण्याची शक्यता चांगली असते. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही.

इंजिनवाला_पैठण

वाऱ्याचं मी जोडतो. नाथसागर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पन्नासेक किलोमीटर. वाऱ्याला एवढी मोकळी धाव मिळाली की दुपारनंतर लाटा उठतात. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. छोटी बोट दुपारी चारनंतर आत नेऊ नका.

पेट्रोल भरताना: डबा बोटीतून काढून जमिनीवर ठेवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि चावी फिरवताच भडकते. माणसं उतरलेली, इंजिन थंड, विडी-सिगारेट नाही.

शल्यकक्ष

भाजलं तर नळाचं किंवा बाटलीचं साधं पाणी वीस मिनिटं धारेने, लगेच. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. चिकटलेला कपडा ओढू नका, अंगठी-बांगड्या सुजायच्या आधी काढा. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल तर श्वासनलिका सुजते, त्याला वाटेत थांबवू नका.

माऊली_सेलू

शाळेच्या सहलीसाठी लाइफ जॅकेट कसं तपासायचं ते सांगा ना. तिथे सगळी एकाच मापाची मिळतात.

जलरक्षक_लातूर

जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यामुळे पहिला नियम: मुलं मोजा, जॅकेट मोजा, कमी पडली तर फेरी दोनदा करा.

मग प्रत्येक मुलाची तपासणी. आतल्या लेबलवर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती मुलाच्या वजनाशी जुळली पाहिजे. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. सगळे पट्टे लावून दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांच्या वर गेलं तर ते मोठं आहे. लहान मुलांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच. फोम दाबून बघा, दाबल्यावर परत फुगत नसेल किंवा चुरा होत असेल तर तरंगण्याची ताकद गेलेली आहे. शिवण उसवलेली, पट्ट्याचं बक्कल फुटलेलं, असं जॅकेट बाजूला काढा. तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. न पोहणाऱ्या मुलांना किमान १०० न्यूटनचं मागा. आकडा लेबलवर असतो.

गोदातीर

आता शेवटचं, रुग्णवाहिका. १०८ ला फोन केला तर धरणाचा काठ सांगायचा कसा?

अतिदक्षता_नांदेड

‘धरणावर’ असं सांगू नका, धरणाचा काठ शेकडो किलोमीटरचा असतो. सहल निघायच्या आधीच धक्क्यावर उभं राहून मोबाईलच्या नकाशातून अक्षांश-रेखांश कागदावर उतरवा, जवळचं गाव, तालुका आणि डांबरी रस्त्यापासून धक्क्यापर्यंत वाट कुठे वळते तेही लिहा. तो कागद चालकाकडे आणि एका शिक्षकाकडे. पावसाळ्यात शेवटचा कच्चा रस्ता चिखलाचा असेल तर रुग्णाला फळीवर डांबरीपर्यंत आणावं लागेल, तेवढी माणसं आधीच ठरवा. फोनवर: किती जण, श्वास आहे का, रक्त किती, मणक्याची शंका आहे का. फोन तुम्ही आधी ठेवू नका.

पैठणहून छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे शासकीय रुग्णालय साधारण ५० किलोमीटर. विष्णुपुरीला नांदेडचं शासकीय महाविद्यालय लगतच आहे. मांजरा धरणाकडून अंबाजोगाई किंवा लातूर. अशा अपघातात रुग्णालय पोलिसांना कळवतं, ती नेहमीची पद्धत आहे, त्याची भीती धरून खासगीत लपवून नेऊ नका. बोटीचा नोंदणी क्रमांक, चालकाचं नाव, वेळ, आणि किल कॉर्ड लावलेली होती का, हे कागदावर लिहून सोबत द्या.

माऊली_सेलू

धन्यवाद. धक्क्यावरचा कागद आणि जॅकेटची उचलून तपासणी, या दोन्ही गोष्टी आमच्या सहलीच्या यादीत आजच टाकल्या. फळी कुठल्या मापाची ठेवायची?

अस्थिरोग_परभणी

सहा फूट लांब, दीड फूट रुंद, अठरा मिलिमीटरची प्लायवूड. कडेने हात घालायला खाचा आणि छाती, कंबर, मांडी, घोटे बांधायला चार पट्टे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर किंवा टॉवेल. धक्क्यावरच भिंतीला टांगून ठेवायची, कुलपात नाही.